होडीवर रंगवलेला पासवर्ड

ती केस आठवली की मला आजही सुक्या बोंबलांचा वास येतो. तक्रारदार बाई ठाण्यात शिरली तीच एका हातात बोंबलांची पिशवी आणि दुसऱ्या हातात सुनेचं मनगट धरून.

"सायेब, माझे घरान चोर हाय, न ती हीच हाय!"

उपनगरातल्या त्या ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक होतो. खाडीपलीकडचं मनोरीही आमच्या हद्दीत येई. या कोळी कुटुंबाचा मासेमारीचा धंदा, शिवाय घरामागे पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. मानखुर्दची सून पदवीधर, त्यामुळे खोल्यांच्या बुकिंगच्या साइट, ईमेल, वीजबिल, सगळी लॉगिन तीच सांभाळायची. गेले काही दिवस पाहुण्यांची बुकिंग आपोआप रद्द होत होती. वर पाहुण्यांना घाणेरडी उत्तरं जात होती. सगळं त्यांच्याच खात्यातून.

"पासवर्ड हिलाच ठावा. आज हिला माहेरी धाडते, परत नाय आणायची," सासूने निकालच देऊन टाकला.

सुनेने मनगट सोडवून घेतलं. "सर, मी केलेलं नाही. पण मला ते सिद्ध करता येत नाही."

स्टेशन डायरीत नोंद करून मी साइटवाल्यांना रीतसर पत्र पाठवलं. तिकडून उत्तर येईस्तोवर हातावर हात ठेवून बसणं माझ्या स्वभावात नाही. मी सुनेचा जबाब घ्यायला सुरुवात केली.

"किती साइट?"

"दहा-बारा असतील."

"आणि पासवर्ड?"

"एकच, सर. इतके लक्षात कोण ठेवणार?"

"कोणता?"

तिच्याआधी सासूच ठसक्यात म्हणाली, "आमचे होरीचं नाव न नंबर. आनखी कंचा असनार?"

म्हणजे 'हिलाच ठावा' असलेला पासवर्ड सासूलाही पाठ होता! त्याच दुपारी मी फेरीबोटीने पलीकडे गेलो. त्यांची होडी किनाऱ्याला उभी होती. नाव आणि नंबर हातभर अक्षरांत, लाल ऑइलपेंटने रंगवलेले. लॉगिनचा ईमेल खोल्यांच्या जाहिरातीतच छापलेला. मला हसूही आलं आणि रागही. अहो, तिजोरीला कुलूप लावायचं आणि किल्ली गणपतीच्या मंडपात टांगायची!

धक्क्यावर माझा एक जुना खबरी वडे तळायचा. त्याने कढईतून नजर न काढता सांगितलं, "साहेब, अजून तीन घरांची अशीच वाट लागलीय. लाजेने कोण बोलत नाय. इकडून रद्द झालेले पाहुणे जातात कुठे, तेवढं बघा ना."

पाहुण्यांना फोन करून विचारलं, तर ते जात होते भाड्याने जागा घेऊन बसलेल्या एका कॉटेजवाल्याकडे. हा गडी बाहेरून आलेला, नावाला होडी नाही. त्याला बोलावून चहा पाजला. अट्टल माणूस. "साहेब, कोळ्यांचे पासवर्ड मला कसे कळणार?" म्हणत तो हसत राहिला. पुरावा नव्हता, सोडून दिला. सोडताना मला मुळीच काळजी वाटली नाही. असा माणूस पोलिसांकडून सुटला की जास्तच शेफारतो.

मग सापळा रचला. सुनेला माहेरी जाऊ दिलं, तिचा मोबाइल तिच्या संमतीने, पावती देऊन ठेवून घेतला. माझ्या महिला शिपायाने प्रत्येक साइटला वेगळा, लांबलचक पासवर्ड टाकला. एकच साइट सोडली. घरच्या नाखव्याला, म्हणजे सुनेच्या सासऱ्याला म्हटलं, तुमच्या लहान होडीला नाव नाही, तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'सुरमई' रंगवा आणि खाली मी देतो तो आकडा टाका. जुना पासवर्ड चालेनासा झाला की चोर पुन्हा होड्याच बघणार, म्हणून त्या एका साइटचा पासवर्ड आम्ही तोच ठेवला. हे फक्त मला आणि शिपायाला ठाऊक होतं. सुनेला होडी रंगवल्याचंसुद्धा माहीत नव्हतं.

रंग वाळतो न वाळतो तोच त्या साइटवर पुन्हा बुकिंग रद्द झालं. पाठोपाठ साइटवाल्यांचं उत्तर आलं. लॉगिन कॉटेजवाल्याच्या मोबाइलवरून होतं.

पंचांसमोर फोन जप्त केला. तरी तो म्हणतो, "फोन कोणीपण वापरतं, साहेब." फोनमध्ये साठवलेले पासवर्ड उघडले, तर चारही घरांच्या होड्या ओळीने उभ्या. शेवटी सुरमई. फोनने दर वेळी 'जतन करू का?' विचारलं होतं आणि या शहाण्याने दर वेळी 'हो' म्हटलं होतं.

"तुलापण लक्षात ठेवायचा कंटाळा ना रे?" मी विचारलं. मग तो घडाघडा बोलायला लागला.

सासूला सगळं सांगितलं. "मना वाटलं, सगल्या किल्ल्या जिच्याकरं, तीच चोर," एवढंच म्हणाली. तिला दोष देणार नाही. निम्म्या घरफोड्यांत आम्ही पोलीसही आधी मोलकरणीलाच बोलावतो. ज्याच्यावर सगळा भार टाकलेला असतो, पहिला आळ त्याच्यावरच येतो. ही केस मला ते शिकवून गेली. पासवर्डचं म्हणाल तर, जे नाव चारचौघांत मिरवायचं त्याचं कुलूप करू नये.

सुनेला आणायला सासू स्वतः मानखुर्दला गेली. महिन्याभराने मी मनोरीला गेलो, तेव्हा लहान होडीवरची 'सुरमई' खोडून तिथे सुनेचं नाव रंगवलं होतं. ते मी इथे लिहीत नाही.

"बाय, ह्यो पासवर्ड नको ठेवू हां," सासू म्हणाली.

"नाही ठेवला, आई. नवे सगळे वेगळे आहेत. बसा, तुम्हालाही शिकवते."

"मना कनाला?" सासूने जाळं बाजूला सारलं. "तुझेकरं हायत ना, बास झालं."