सतरावं भोक

हे मी रागात लिहितोय आणि राग उतरायच्या आत संपवणार आहे. पाणी उताराकडं वाहतं, असं ज्या शहाण्यानं पहिल्यांदा सांगितलं, तो मला भेटला तर त्याला मी माझ्या गाडीच्या छतावर नेऊन उताणा झोपवीन. पाणी उताराकडं वाहत नाही. तुमची बायको जिथं झोपलेली असते, पाणी तिकडं वाहतं.

चितेगावच्या कारखान्यात मशीनपुढं उभं राहून माझे गुडघे झिजले, तेव्हा कुठं रिटायर झालो. कामगारांची ने-आण करणारी एक जुनी मिनीबस ठेकेदारानं विकायला काढली होती, ती मी घेतली. सीटा उपटून टाकल्या. आत दोन पलंग, गॅसची शेगडी, भांडी घासायला बेसिन, कपडे ठेवायला फळ्या. फिरतं घरच. पडेगावात आमच्या गल्लीत लोक बघायला यायचे आणि मी त्यांना सांगायचो, अशी गाडी अख्ख्या मराठवाड्यात एकच. अख्ख्या देशात म्हणणार होतो, पण तेवढा खोटारडा मी नाही.

हा सगळा खटाटोप बायकोला समुद्र दाखवायचा म्हणून. ती वैजापूरकडची. लहानपण धाब्याच्या घरात गेलं, म्हणजे लाकडावर माती थापलेल्या छताखाली. पाऊस आला की धाबं गळायचं आणि थोरली म्हणून भांडी मांडायचं काम हिच्याकडं. इथं तपेली, तिथं परात, भरलं की ओत, पुन्हा मांड. अंथरुणात कोरडं झोपल्याचं तिला लग्नाआधी आठवतच नाही. तिनं एकच अट घातली.

"अहो, येते मी. पण वरून एक थेंब जरी माझ्या अंगावर पडला ना, तर असेल तिथं उतरीन अन् एसटीनं घरी येईन. परत त्या गाडीत पाय ठेवायची नाय."

ही धमकी नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्याच होळीला माझ्या आत्यानं हिच्या पुरणपोळीला नाव ठेवलं होतं. आत्या गेली, पण आमच्या घरची पुरणपोळी तिला पुन्हा मिळाली नाही.

गाडी तयार झाली आणि गावाकडनं माझा थोरला भाऊ आला. दादा. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वर बघितलं आणि चेहरा पाडला.

"एवढं मोठं छत अन् मोकळंच? कॅरिअर टाक वर. चार कट्टे कांदे बसतील."

"दादा, आम्ही समुद्र बघायला चाललोय. कांदे विकायला नाय."

"मग? तिकडची माणसं कांदे खात नाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी तो वेल्डर घेऊनच हजर. माझ्या कोऱ्या रंगाच्या छताला सोळा भोकं, सोळा बोल्ट. आणि मी, साठीला टेकलेला माणूस, खाली नट धरून उभा. कारखान्यात सुपरवायझरला शिव्या घालणारा मी, दादाला खालून विचारत होतो, बसला का घट्ट?

भाद्रपदात आम्ही म्हैसमाळला ट्रायल काढली. चढावर गाडी लावली, जेवलो, बायको पलंगावर आडवी झाली. बाहेर पाऊस सुरू झाला. मी म्हणणार होतो, बघ कसा ताशा वाजतोय, तेवढ्यात टप. थेंब थेट कपाळावर. इतका नेमका की टिकलीच वाहून गेली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, शेगडीजवळचं पातेलं घेतलं, उशीवर ठेवलं आणि माझ्या पलंगावर येऊन बसली. टप. टप. तिचा हात आपोआप गेला होता त्या पातेल्याकडं, इतक्या वर्षांनी. त्या पातेल्याचा मला जो राग आला, तो आजतागायत कुठल्या माणसाचा आला नाही.

"ही ट्रायलच होती ना?" तिनं विचारलं.

"ट्रायलच. नुसती ट्रायल."

"मग ही धरत नाय मी. पुढची धरीन."

दादाला फोन लावला. माझा आवाज गावाकडं फोनशिवायही पोचला असता. "दादा, तुझ्या सोळा बोल्टांनी माझा संसार मोडायला घेतलाय!"

"ओरडू नको," दादा म्हणाला. "गळतंय ना? मग वरून टाकू काहीतरी."

हा आमच्या घराण्याचा वेद. धाब्यावर दर उन्हाळ्यात पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा. गळलं की माती टाका, पुन्हा गळलं की पुन्हा टाका. आजोबांनी पोलीस ॲक्शननंतर बांधलेलं धाबं अजून उभं आहे ते असंच. दादाच्या मते जगात जे जे गळतं, त्याला हाच एक इलाज.

आधी पलंगाच्या बरोबर वर डांबर ओतलं. गळलं. त्यावर पांढरं सिमेंट. गळलं. मग दादानं कुठल्याशा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आणला आणि पलंगांवरून मागंपर्यंत ताणून चिकटवला. त्या हसऱ्या चेहऱ्यातूनही गळलं. निवडून यायच्या आधीच गळणारा तो पहिलाच. शेवटी दादानं गावाकडची पांढरी माती आणली, दोन पोती, आणि त्याच जागेवर धाब्यासारखी थापली. गाडी चार बोटं खाली बसली. टायरांनी हात जोडले. आठवड्यानं वर हरभरा उगवला, आणि घाटे धरले की सोलाण्यांची उसळ करू, असं दादा खरोखर म्हणाला. मी त्याला शिडीवरून ढकलला नाही, ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी साधना.

आणि थेंब? तिथंच. त्याच उशीवर.

दौलताबादच्या रस्त्याला एक चाचा आहेत. जन्मभर बसच्या बॉड्या बांधल्या, आता डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून बोटांनी बघतात. बायकोला आणि दादाला घेऊन गाडी तिकडं हाणली. चाचांनी छताला हात लावला आणि हात मातीनं भरला.

"भाऊ, ये गाडी है की खेत है?"

"चाचा, वरून अजून एक पक्का थर..."

"नक्को! पैले सब निकालो. ये तुम्हारे गाँव का मिट्टी का घर नै. मिट्टी पानी पीती, फूल के छेद बंद कर लेती. पत्रा पीता नै भाऊ, रस्ता देता. तुम उपर से ढक्कन लगा रै, अंदर पानी मजे में बैठा."

तीन दिवस खरवडलं. हरभरा, माती, भावी नगरसेवक, सिमेंट, डांबर. फ्लेक्सखाली खरंच पाणी बसलेलं होतं आणि पत्र्याला गंज धरला होता. दादा चाचांच्या बाजेवर पाठ करून बसला होता. मी मात्र रोज त्याला ऐकू जाईल असं बोलत होतो. सोळा बोल्ट. सोळा. कांद्यासाठी.

मग चाचांनी खिडक्या-दारांच्या फटींना कागद आणि चिकटपट्टी लावली, एका खिडकीतून ब्लोअरनं आत हवा भरली आणि छतावर साबणाचा फेस पसरला. जिथून पाणी आत येतं तिथून हवा बाहेर येणार, फुगा धरणार. बायको म्हणाली, मी वर येते. पदर खोचला आणि शिडी चढली.

"दाखवा चाचा," मी खालून म्हणालो. "दादाचा कुठला बोल्ट ते बोट ठेवून दाखवा."

चाचांनी सोळाही बोल्ट तपासले. एकावरही फुगा नाही. दादाच्या वेल्डरनं प्रत्येकाखाली जुन्या ट्यूबचं रबर कापून घातलं होतं.

"भाऊ, फुगा इधर है. एकदम सामने."

ड्रायव्हरच्या डोक्यावर, कॅरिअरच्या पुढच्या दांड्याआड. फेसाचा फुगा लिंबाएवढा झाला, मग मोसंबीएवढा.

आता इथं मला एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी इतका वेळ मागं ठेवली, कारण बायकोपासूनही ठेवली होती. गल्लीतले लोक गाडी बघून जायचे, मी फुशारक्या मारायचो, आणि मनातून घाबरायचो की दृष्ट लागणार. बायकोला असलं काही खपत नाही. म्हणून ती एकदा बाजारात गेलेली बघून मी वर चढलो आणि छताच्या पुढच्या टोकाला काळी बाहुली ठोकली. लाकडाचा साधा स्क्रू, रबर नाही की काही नाही. बाहुली म्हैसमाळच्या वाऱ्यात कधीच उडून गेली. भोक राहिलं. गाडी चढावर लावली की, अन् आमची गल्लीही चढाचीच, पाणी तिथून आत शिरायचं, छताखालच्या पट्टीवरून चालत मागं यायचं आणि हिच्या उशीवर उतरायचं. आम्ही मात्र जिथं थेंब पडतो तिथंच वरून थर देत होतो.

"अहो," वरून आवाज आला. "हा काळा दोरा कोणाचा?"

"माझा नाय," दादा म्हणाला. बाजेवरून उठून, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा.

मला इतका राग आला की कोणावर काढावा ते कळेना. दादावर काढायची सोय उरली नव्हती. बाहुली सापडत नव्हती. त्या फेसाच्या फुग्यासारखा मी नुसता फुगत राहिलो.

"पेचकस द्या चाचा," बायको म्हणाली. तो स्क्रू तिनं स्वतः काढला आणि दोऱ्यासकट वरून माझ्या पायापाशी टाकला.

चाचांनी गंज घासला, भोकावर पत्र्याचा तुकडा बसवला, पण लेप वरून नाही, दोन्ही पत्र्यांच्या मध्ये. दाबून, कडेनं बाहेर येईस्तोवर. मग बायकोला म्हणाले, "भाभी, बारिश के पैले एक बार, दिवाली के बाद एक बार, हर बोल्ट पे उंगली फिराना. लेप फटा दिखा तो खुरच के निकालना, फिर नया देना. पुराने पे नया नक्को." मला नाही सांगितलं. तिला सांगितलं.

ती आत जाऊन पलंगावर झोपली आणि म्हणाली, सोडा पाणी. गाडीचं तोंड चढाला करून आम्ही तासभर पाईप धरला. चाचा म्हणाले, बस झालं. आतून आवाज आला, "नाय, अजून सोडा." ती बाहेर आली तेव्हा कपाळावरची टिकली जागच्या जागी होती.

आम्ही कोकणात गेलो. कॅरिअरवर दादाचे चार कट्टे कांदे होते, त्याच्यावर आळ घेतल्याची ती शिक्षा बायकोनंच ठरवली. समुद्राकाठी भर दुपारी असा पाऊस आला की मासे खिडकीतून आत डोकावत होते. ती उशीवर डोकं ठेवून छताकडं बघत पडली होती, मी तिच्या कपाळाकडं. थेंब पडला नाही एकही. पाऊस चालूच होता आणि तिला झोप लागली.

पण छत आता तिचं झालंय. कुठंही मुक्काम असो, ती शिडी लावते, पदर खोचते आणि एकेका बोल्टवरून बोट फिरवते. चाचांनी वर्षाला दोनदा सांगितलं होतं. मला वर यायची परवानगी नाही. समोर अख्खा समुद्र पसरलेला आणि मी शिडी धरून हिच्या टाचा बघत उभा. राग येणार नाही तर काय?

"कोरडं आहे का?" मी खालून ओरडतो.

"शिडी नीट धरा," ती म्हणते.