पाहणी अहवालातले त्र्याऐंशी मीटर

आमच्या गावात देवचाराच्या, म्हणजे गावच्या अदृश्य राखणदाराच्या, दगडाकडे पाठ करून कोणी उभं राहत नाही. मी राहायचो. फोन आला तर त्याच दगडाला टेकून बोलायचो. घरात कोणी दृष्ट काढायला घेतली की मिरच्या फुकट गेल्या म्हणून ओरडणारा माणूस मी... करणी, नजर, राखणदार, काडीचा विश्वास नव्हता. आजही आहे की नाही ते धड सांगता येत नाही. भीती मात्र वाटत नाही. लाज वाटते, ती कुठेतरी उतरवावी म्हणून लिहितोय.

गाव पेडणे तालुक्यातलं, किनाऱ्यापासून जरा आत. नाव देत नाही. मी तिथला पंच, म्हणजे पंचायतीचा निवडून आलेला मेंबर. मेन रोडला लागून माझ्या मेव्हण्याची दुमजली बिल्डिंग आहे, खाली गाळे. किनाऱ्यावर आता पाय ठेवायला जागा उरली नाही, त्यामुळे बार, डीजे, लाइटी सगळं आत सरकत चाललंय. एका बाहेरच्या पार्टीला मेव्हण्याच्या गाळ्यांत बार काढायचा होता. लायसन एक्साइज देतं, पण आधी पंचायतीची एनओसी लागते. आणि शंभर मीटरच्या आत शाळा किंवा देऊळ असता कामा नये. त्याच रस्त्यावर, फणसाच्या पलीकडे, आमची बालवाडी.

जागेच्या पाहणीच्या दिवशी पंचायतीच्या सेक्रेटरींना पेडण्याला मीटिंग होती. त्यांना परब म्हणूया. साखळीहून म्हापसामार्गे बस बदलून रोज यायचे, कधी उशीर नाही की कोणाला उलट शब्द नाही. मला म्हणाले, तुम्ही माप घेऊन अहवाल लिहा, मी फाइलला लावतो.

सकाळचे अकरा वाजले होते, लख्ख ऊन. टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, तेव्हा बालवाडीच्या सुलभाबाय स्वतःच पुढे आल्या. बारला हरकत त्यांनीच घेतली होती. तीस मीटरची टेप, तीनदा लावली. बालवाडीच्या गेटापासून बारच्या दारापर्यंत बरोबर त्र्याऐंशी मीटर.

"तसाच लिवा हां दादा," सुलभाबाय म्हणाल्या. "माझो जीव थंड जालो."

घरी आलो. मेव्हण्याचे दोन फोन येऊन गेले होते. बायकोने चहा पुढे ठेवला आणि एवढंच म्हणाली की माझ्या भावाने तुमच्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. मी पेन घेतलं आणि लिहिलं, १०४ मीटर. पुढे अक्षरी, एकशे चार. खाली सही. कप उचलताना चहा कागदाच्या कोपऱ्यावर सांडला, तो पुसला. कागदाचा फोटो काढून मेव्हण्याला व्हॉट्सॲपवर पाठवला. त्याचा अंगठा आला.

पंचायतीच्या बैठकीत परबांनी अहवाल मोठ्याने वाचला. एकशे चार. मी माझ्या कानांनी ऐकलं. इतिवृत्तात त्यांनी तेच लिहिलं, सही केली, एनओसी पास झाली.

दोन दिवसांनी सुलभाबाय दारात उभ्या. टेप मी धरली होती, मग एकशे चार कुठून आले, असं विचारत होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं... मी त्र्याऐंशीच लिहिलंय बाय, पुढे सेक्रेटरीने काय केलं ते मला काय ठाऊक! त्यांनी लगेच विश्वास ठेवला.

पुढच्या रविवारी ग्रामसभा. सुलभाबाय उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मूळ कागद सगळ्यांसमोर वाचा. माझा शर्ट पाठीला चिकटला. परबांनी कपाट उघडलं, किल्ली त्यांच्याकडेच असायची. फाइल काढली. कागदाकडे बघितलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं.

"त्र्याऐंशी," ते हळू म्हणाले.

मला वाटलं, हा भला माणूस मला सांभाळून घेतोय. पुढे होऊन कागद हातात घेतला. अक्षर माझं, सही माझी, कोपऱ्यात माझ्याच चहाचा डाग. आणि मध्ये माझ्याच अक्षरात ८३ मीटर, अक्षरी त्र्याऐंशी. कुठे खाडाखोड नाही, कागद खरवडलेला नाही. उजेडाकडे धरून पाहिला मी.

मग सगळे परबांवर तुटून पडले. कागदावर त्र्याऐंशी असताना एकशे चार वाचलंत कसं, कोणी फितवलं? परबांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि पुन्हा वाचला. एनओसी रद्द झाली, चौकशी लागली, ते सस्पेंड झाले. आणि माझ्यासाठी लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या मेव्हण्यालाही सोडलं नाही म्हणे! सुलभाबाय माझ्या पाया पडायला वाकल्या. मी त्यांना अडवलं, पण तोंड उघडलं नाही.

घरी येऊन फोन काढला. फोटोत चहाचा डाग त्याच कोपऱ्यात आहे. आकडा मात्र १०४.

महिन्याभराने साखळीला गेलो. खरंच सांगायला गेलो होतो, फोन शर्टाच्या खिशात होता. परब भर दुपारी घरात खुर्चीवर बसलेले, दाढी वाढलेली. त्यांच्या बायकोने चहा आणि कांकणं, आमच्याकडची बांगडीसारखी कडक बिस्किटं, आणून ठेवली. मला वाटलं होतं, माणूस चिडेल, काय ते विचारेल. त्यांनी माझा हात धरला.

"माका एकशे चार कसां दिसलां, तां सांगा," ते म्हणाले. "डोळे तपासून घेतले. डोळे बरे आसत. मग डोक्यातच कायतरी झालां काय माझ्या?"

त्यांची बायको दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, वय झालं परबांनू, होतं असं कधी कधी. त्यांनी मान हलवली. मी चहा संपवला, एक कांकण चहात बुडवून खाल्लंसुद्धा. मला बसमध्ये बसवून द्यायला ते स्टँडपर्यंत चालत आले.

तेव्हापासून डोकं फोडून घेतोय. परबांनी कागद बदलला म्हणावं, तर माझं अक्षर कुठून आणणार, आणि स्वतःचाच गळा का कापतील? मीच भ्रमात त्र्याऐंशी लिहिलं म्हणावं, तर फोटो आहे. बायको म्हणते, देवचाराला गावातलं खोटं चालत नाही. असेल. पण मग सुलभाबायना दारात सांगितलेलं माझं खोटं त्याने खरं का करून दिलं? दगडाला टेकून आता मी बोलत नाही.

पुढच्या निवडणुकीला लोक मला सरपंच करायचं म्हणतायत. फोटो अजून फोनमध्ये आहे, आज सकाळीही बघितला. १०४.

परब फोनवर असलं काही वाचत नाहीत. सुलभाबायही नाहीत. ते मला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच इथे लिहिलंय.