फुलीबाईंचा कागद

बाल तपासणी केंद्रात त्या एकतीस वर्षं परिचारिका होत्या, आणि तिथे येणाऱ्या बायकांनी त्यांचं नाव फुलीबाई पाडलं होतं. मूल मान धरतं का, आधाराशिवाय बसतं का, वर्षा-सव्वा वर्षात पावलं टाकतं का, तीन वर्षांचं झाल्यावर वाक्य बोलतं का, असे प्रश्न आईला विचारायचे आणि चौकोनात बरोबरची खूण नाहीतर फुली मारायची, हे त्यांचं काम. बायका तोंडावर थापा मारायच्या. "चालतो की! घरात नुसता धुडगूस घालतो," असं सांगणारीच्या कडेवरून पोर खाली उतरायला तयार नसायचं. फुलीबाई चष्म्यावरून एकदा बघत आणि फुली मारत. भीडभाड नाही. बोलण्याच्या चौकोनात फुली आली की मूल मागच्या इमारतीतल्या वेगळ्या वर्गात जायचं. तिथून परत पुढे आलेलं एकही त्यांनी पाहिलं नव्हतं.

एकतीस वर्षांत त्यांनी खोटी खूण एकदाच केली, आणि ती स्वतःच्या मुलाच्या कागदावर. तो तीन वर्षांचा झाला तरी तोंडातून शब्द नाही. पाणी हवं असलं की माठाकडे बोट. त्यांनी चौकोनात बरोबरची खूण केली, कागद गठ्ठ्यात सारला आणि पुढचे आठ महिने कामावरून आल्या आल्या त्याला स्वयंपाकघरात समोर बसवलं. चमचा म्हण. वाटी म्हण. एका सकाळी तो म्हणाला, "चमचा नको." त्या ओट्याला टेकून रडल्या. ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नाही, त्यालाही नाही. पुढे त्याला असं तोंड फुटलं की आज तो विमा विकतो, म्हणजे बोलण्यावरच पोट भरतो.

आता त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आणि तो त्यांच्या शेजारच्या खुर्चीत. समोर तरुण डॉक्टरीणबाई, तिच्यापुढे कागद. फुलीबाईंनी आपल्या दोन खोल्यांत एकटीनं राहायचं की वृद्धाश्रमात जायचं, हे त्या कागदावर ठरणार होतं. मुलानं तिथली खाट आधीच बघून ठेवली होती.

"बसा हं आजी," डॉक्टरीणबाई लाडिक आवाजात म्हणाली, आणि मग सगळे प्रश्न तिने मुलाला विचारले.

"एकट्या चालतात?"

"भिंत धरून."

"गॅस बंद करायला विसरतात?"

"नेहमीच."

एकदा दूध करपलं होतं. एकदाच.

"बाहेर गेल्यावर घर सापडतं?"

"मागे शेजाऱ्यांनी आणून सोडलं."

शेजारी त्यांची जड पिशवी घेऊन बरोबर आला होता, एवढंच. फुलीबाईंना उलटा कागद वाचायची सवय होती. चालणं, फुली. स्वयंपाक, फुली. रस्ता, फुली. चौकोन तसेच होते, फक्त तेव्हा काय यायला लागलं ते विचारायचे, आता काय येईनासं झालं ते.

त्यांना राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली. बायकांनी त्यांना हजार थापा मारल्या, पण त्या येत नसलेलं येतं म्हणून सांगायच्या. येत असलेलं येत नाही म्हणून सांगणारं माणूस त्यांना आज पहिल्यांदा भेटत होतं, आणि ते त्यांच्या पोटचं होतं.

"आजी, तुम्हाला काही सांगायचंय?"

दूध, पिशवी, सगळं सांगायला त्यांनी तोंड उघडलं. बाहेर पडलं ते भलतंच.

"हा तीन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. मी बरोबरची खूण केली."

"आई, काय बोलतेयस तू?" मुलगा म्हणाला. मग डॉक्टरीणबाईकडे वळून हळूच, "हे असं चालतं."

डॉक्टरीणबाईने समजूतदारपणे मान हलवली. शेवटच्या चौकोनापुढे छापलं होतं, 'बोलणं प्रसंगाला धरून आहे का?' तिने तिथे फुली मारली. दोन्ही रेघा सारख्या, चौकोनाच्या बाहेर जराही न गेलेल्या. फुलीबाईंना त्या फुलीत काही खोट काढता आली नाही.