हात न फिरवलेली कवळी

दातांचा दवाखाना म्हटला की लोकांना फक्त ती खुर्ची आठवते. पण खुर्चीमागच्या भिंतीपलीकडे एक खोली असते, आणि तिथे कुणीतरी दिवसभर दुसऱ्यांचे दात घडवत बसलेलं असतं, हे कुणाच्या गावीही नसतं. या दवाखान्यात तिथे बसायची ती कवळीमावशी. बावीस वर्षं तिचं हेच काम. मेण वितळवायचं, त्यात एकेक दात बसवायचा, साच्यात घालून शिजवायचं, मग घासून चकचकीत करायचं. तिच्या हातची कवळी लावून म्हातारी माणसं सफरचंदाला थेट दात लावायची आणि नाव डॉक्टरांचं घ्यायची.

तासन् तास गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्यांचा मावशीला हेवा वाटायचा, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही यायचा. नवरा गेलेला, पदरात दोन मुली, अंथरुणाला खिळलेली आई, वर ही नोकरी. ती गुडघे टेकती तर तिथेच घोरायला लागती. म्हणून तिने देवाला कामातच गाठायचं ठरवलं. कवळी तयार झाली की डब्यात घालण्याआधी ती डोळे मिटायची, आतल्या कडेवरून बोट सावकाश फिरवायची आणि त्या अनोळखी माणसासाठी मागायची, ‘देवा, याला घास गोड लागू दे. याच्या तोंडून कुणाचं मन न दुखो.’ मिनिटभराचं काम. पण तेवढ्यात देव अगदी शेजारी येऊन बसतो असं तिला वाटायचं, आणि इतकी वर्षं त्या मिनिटावरच तिचं सगळं निभावलं होतं.

मग एका सोमवारी नवं काम आलं आणि चिठ्ठीवर तिच्या थोरल्या भावाचं नाव होतं.

नऊ वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. त्याआधी चार वर्षं आईचं हगणं-मुतणं मावशीने काढलं. दादा महिन्यातून एकदा यायचा, दारातूनच ‘बरं आहे ना?’ विचारायचा आणि चपला न काढता परत जायचा. एका दुपारी आई गेली. दफनाच्या दिवशी, कबर बुजायच्या आधीच, तो सगळ्यांदेखत म्हणाला, “ही झोपली होती, म्हणून आई गेली. पाणी मागत असेल बिचारी.”

“मी जागीच होते!” मावशी कडाडली होती. पुढे नातेवाइकांना, मुलींना, देवालाही ती हेच सांगत आली.

दादाची कवळी तिने केली. कामात कसूर नको म्हणून दात दोनदा जुळवून पाहिले. शेवटी ती हातात घेऊन डोळे मिटले, तर आत सगळं कोरडं ठाक. याला घास गोड लागू दे? याच्या तोंडून कुणाचं मन न दुखो? तिने कवळी तशीच डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

त्या दिवसापासून तिचं देवाशी बोलणंच बंद पडलं. दुसऱ्यांच्या कवळ्यांवरून बोट फिरायचं, शब्दही निघायचे, पण शेजारी कुणी नसायचं. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर प्रार्थना म्हणताना ‘जशी आम्ही इतरांना क्षमा करतो, तशी आम्हाला क्षमा कर’ हे वाक्य आलं की तिचे ओठ नुसते हलायचे. मावशी घाबरली. नवरा गेला, आई गेली, तेव्हाही जो हात सुटला नव्हता, तो आता सुटतोय की काय?

नवव्या दिवशी डॉक्टरांनी हाक मारली. “मावशी, जरा बाहेर या. ही कवळी बोचतेय म्हणतात. आठ दिवस नुसत्या दुधावर आहेत.”

खुर्चीत दादा होता. गाल आत गेलेले, तोंडावर रुमाल. क्षणभर तिने त्याला ओळखलंच नाही. त्याने मात्र ओळखलं आणि मान वळवली.

डॉक्टरांनी तिची बाजू सावरून घेतली. “यांच्या हिरड्याच नाजूक आहेत. त्याला आपण तरी काय करणार?”

मावशीने कवळीच्या आत बोट घातलं. उजव्या कडेला प्लॅस्टिकचा खसखशीएवढा दाणा राहिला होता. बावीस वर्षांत असा दाणा कधी राहिला नव्हता, कारण प्रार्थना करता करता तिचं बोट तो शोधून काढायचं. या एकाच कवळीला तिने ते मिनिट दिलं नव्हतं.

“हिरड्यांना काही झालेलं नाही, डॉक्टर,” ती म्हणाली. “चूक माझी आहे. या कवळीवर मी हात फिरवला नाही. मुद्दामच नाही फिरवला.”

डॉक्टर बघतच राहिले. मग बाहेर बसलेल्या पेशंटकडे गेले. मावशीने दाणा घासून काढला, कवळी धुतली.

“तोंड उघड, दादा.”

त्याने उघडलं. हिरडीवर लालभडक जखम होती. ती पाहून मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने कवळी हलकेच बसवली. दादाने दोन-तीनदा दात मिटून पाहिले.

“आता नाही बोचत,” तो म्हणाला. मग थांबून, “मुद्दाम का?”

“तुझा राग होता.” एक खरं तोंडातून गेलं, तसं दुसरंही आवरेना. “आणि दादा, त्या दुपारी मी झोपले होते. आई गेली तेव्हा मला झोप लागली होती. तू म्हणालास ते खरं होतं.”

हे तिने नऊ वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. रोज ज्याच्याशी बोलायची, त्या देवालाही नाही.

दादा रुमालाची घडी घालत, उलगडत राहिला. नव्या दातांमुळे त्याचे शब्द अडखळत होते.

“तीन दिवस तुझ्या डोळ्याला डोळा नव्हता. मला ठाऊक होतं,” तो म्हणाला. “तू निरोप धाडला होतास. ‘एक दुपार येऊन बस, मला जरा पडू दे’ म्हणून. मी घरीच होतो. आलो नाही.”

मावशीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग तिथेच, खुर्चीशेजारी उभ्या उभ्या, तिने डोळे मिटले आणि त्या दुपारची हकीगत देवाला पहिल्यापासून, खरी खरी सांगायला घेतली.