दातारबाईंनी मोजलेली हंडी

शोभा दातार गेल्याची बातमी मला मोकाशींच्या मेसेजवरून कळली, हे तिला समजलं असतं तर ती उठून बसली असती. हात जोडलेली, अश्रू गाळणारी चित्रं आणि खाली ‘गणिताचा दीपस्तंभ हरपला’. नौपाड्यातल्या आमच्या शाळेत ती गणित शिकवायची, मी मराठी, आणि मोकाशी मुख्याध्यापक. या दीपस्तंभाला त्यांनी कसं वागवलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय… म्हणून आठवडे उलटल्यावर का होईना, लिहायला बसले.

शोभाला विकतच्या प्रकल्पांची शिसारी होती. थर्माकोलचा टॉवर, चकचकीत कागद आणि वर आईच्या वळणदार अक्षरात ‘त्रिकोणमितीचे दैनंदिन जीवनातील उपयोग’. असलं काही समोर आलं की ती ते मेलेल्या झुरळासारखं दोन बोटांत धरून परत द्यायची. “तुझ्या आईला पैकीच्या पैकी. तुझं काय?”

एका गोपाळकाल्याला तिने दहावीच्या मुलींना हंडी मोजायला नेलं. टेंभी नाक्याला गर्दी फार, म्हणून शाळेजवळच्याच चौकातली निवडली. मंडळाच्या बॅनरवर ‘पन्नास फुटी हंडी’ होतं आणि बॅनरवर हसत होते आमच्याच संस्थेचे अध्यक्ष. मुलींनी कोनमापकाला स्ट्रॉ चिकटवली, दोऱ्याला नट बांधला. हंडीच्या खालून मागे सरकत जायचं, कोन पंचेचाळीस झाला की थांबायचं. मग जमिनीवरचं अंतर जेवढं, तेवढीच हंडीची डोळ्यांच्या वरची उंची. अंतर भरलं तीस फूट. मुलींनी उत्तरही तीसच लिहिलं, तशी शोभा भर रस्त्यात कडाडली, “अगं, तुम्ही काय रस्त्यावर आडव्या पडून बघत होतात? डोळे कुठे आहेत तुमचे?” मग डोळ्यांपर्यंतची उंची मिळवून साडेचौतीस झाले.

हंडीचा तक्ता शाळेच्या प्रदर्शनात लागणार होता. त्याच्या आदल्या दिवशी मोकाशींनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मी तिथेच मस्टरवर सही करत होते. मोकाशी निवृत्तीला आले होते आणि ज्येष्ठतेने पुढची मुख्याध्यापिका शोभाच. पण खासगी संस्थेत ज्येष्ठता अध्यक्षांच्या मर्जीवर चालते, आणि प्रदर्शनाला पाहुणे म्हणून तेच यायचे होते.

“दातारबाई, अहो, पन्नास लिहायला काय जातंय?”

“तेवढे भरू देत, लिहिते.”

“मग मुलींना गच्चीवरून मोजायला सांगा की! वरून मोजलं की जास्त भरेल.”

हा माणूस हायस्कूल चालवत होता! शोभा म्हणाली, “सर, गच्चीवर चढून तुम्ही उंच व्हाल. हंडी नाही होणार.”

तक्त्यावर साडेचौतीसच लागले. अध्यक्षांनी वाचले, न थांबता पुढे गेले, आणि मुख्याध्यापकपद तिच्याहून ज्युनिअर माणसाकडे गेलं. स्टाफरूम म्हणाली, बाईंना व्यवहार कळत नाही. लाळघोटेपणाला व्यवहार म्हणणाऱ्या त्या सगळ्यांची मला आजही किळस येते. शोभाला ते पद नको होतं, अशातला भाग नाही. खूप हवं होतं. एकदा डबा खाताना म्हणाली, “गणिताची एक खोली करायची होती गं… मुलींनी हाताने मोजायची.” आणि मग पोळीची गुंडाळी करून खाऊ लागली.

परवा शाळेत शोकसभा झाली. मोकाशी आता विश्वस्त आहेत, निष्ठेचं फळ. हार घातलेल्या फोटोशेजारी त्यांनी तिच्या त्या प्रकल्पाचा भलामोठा फ्लेक्स लावला होता. कोन पंचेचाळीस अंश. अंतर तीस फूट. डोळ्यांची उंची साडेचार फूट. हंडीची उंची… पन्नास फूट. दहावीची कुठलीही मुलगी हसली असती. पण सभागृह डोळे टिपत होतं. जिवंतपणी तिने लिहिलं नाही, ते मेल्यावर तिच्या नावावर लिहून घेतलं. मोकाशी माइकवर सांगत होते, “बाईंनी तत्त्वाशी कधी तडजोड केली नाही.”

शोभा चुकलेलं उत्तर कधी स्वतः दुरुस्त करून देत नसे. त्याभोवती लाल गोल करायची आणि खाली एक ओळ लिहून कागद ज्याचा त्याला परत. मी शेजारच्या वर्गातून लाल मार्कर घेऊन आले. बोलण्यासाठी माझं नाव पुकारलं, तेव्हा माइककडे न जाता फ्लेक्सकडे गेले. पन्नासभोवती गोल केला आणि खाली, शेवटच्या रांगेतही वाचता येईल अशा अक्षरात, तिचीच ओळ लिहिली: ‘मोकाशी, पुन्हा मोजून आणा.’