काकीचं मत

आज विश्रामबागच्या केंद्रावर बोटाला शाई लागली आणि तिच्या उग्र वासानं मेढ्याजवळच्या आमच्या गावची ग्रामपंचायतीची निवडणूक आठवली. माझ्या काकीचे दोन्ही मुलगे एकाच जागेसाठी एकमेकांविरुद्ध उभे होते. काकीला दिसत नव्हतं, त्यामुळे मत द्यायला सोबत कुणाला तरी नेता येत होतं. दोघंही सकाळीच गाडी घेऊन दारात हजर. "माझ्यासंगं ही पोरगी यील," असं म्हणून ती माझा हात धरून भाताच्या खाचरांतून चालत शाळेत आली. तिचं मत कुणाला सांगणार नाही, अशी सही मी केली. पुठ्ठ्याच्या आडोशाला ती कुजबुजली, "थोरल्याचं बटन कंचं? धाकट्याचं कंचं?" मी तिचं बोट दोन्हींवर ठेवलं. लहान पोराच्या गालावरून फिरवावं तसं तिनं ते फिरवलं आणि म्हणाली, "आता कुणीच नको म्हणायचं बटन दाव." यंत्र लांबलचक वाजलं. त्या निवडणुकीपासून भावाभावांचं बोलणं तुटलं. काकीच्या दहाव्याला दोघांनीही मला वेगवेगळं गाठून विचारलं, "आईनं मत कुणाला दिलं गं?" मी दोघांनाही म्हणाले, "तुलाच." दोघंही रडले, अंगणाच्या दोन टोकांना. माझं खोटं अजून उघडं पडलेलं नाही. ते पडायला दोघांना एकदा तरी एकमेकांशी बोलावं लागेल.