विमान परत येईपर्यंत

दवनीवाड्यात धनलालभाऊंना सगळे अर्धवट म्हणतात. बोलणाऱ्यांचं काय जातं! मी त्यांची शेजारीण, वीस वर्षं बघते आहे. माणूस अर्धवट नाही, एकटा आहे.

भाऊ हवाई दलात फिटर होते. विमान वैमानिकानं उडवायचं, पण त्याआधी त्याचा एकेक नट तपासून सही करायची ती भाऊंनी. त्यांच्या टोळीचा एक रिवाज होता. आपण सोडलेलं विमान परत उतरेपर्यंत जेवायचं नाही. नव्व्याण्णवच्या लढाईत एक विमान गेलं ते आलंच नाही. त्या दिवशीचं ताट कुणी उचललं, हे भाऊंना अजून आठवत नाही.

रिटायर होऊन गावी आले, पुढं बायको गेली, रिवाज तेवढा राहिला. बिरसीच्या विमानतळावरच्या शिकाऊ पोरांचं चिमुकलं विमान धानाच्या बांध्यांवरून गेलं, की भाऊ अंगणात उभे. ते परतलं की मग ताटावर बसणार. त्यांचं जेवण माझ्याच घरून जातं, मी शंभरदा चिडले असेन. थंडगार झालेला भात पुन्हा गरम कोण करणार?

पोरगा तिलकही हवाई दलातच, ड्रोनच्या युनिटात. मे महिन्यात सीमेवर लढाई पेटली आणि त्याचा फोन बंद झाला. भाऊंनी जेवण सोडलं. नुसता चहा. तीन दिवस मी लाखोरीची डाळ नि भात नेला आणि तसाच परत आणला. शेवटी मी रागावले. तिलक जमिनीवर बसून ड्रोन चालवतो, तो कुठं स्वतः उडून राहिला, म्हटलं. भाऊ म्हणाले, त्याचं विमान तर उडते ना. मला रडूच आलं.

चौथ्या दिवशी दुपारी फोन आला. पोरगा सुखरूप होता. मी लगेच ताट वाढलं. पण भाऊंचं आपलं वेगळंच. त्यांनी विचारलं, "तुमचं विमान वापस आलं का?"

तिलक हसला. फोन स्पीकरवर होता, मलाही ऐकू आलं.

"बाबा, आमचं वापस येतच नाही. जाऊन तिथंच फुटते. त्याच्यासाठीच बनवलं आहे."

भाऊंनी ताटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग तुमी जेवता कवा?"

फोन ठेवतो बाबा, तिलक म्हणाला. भाऊंनी ताट पुढं ओढलं, पोरगा सुखरूप म्हणून दोन घास खाल्ले आणि विमान यायचं नाही म्हणून बाकीचं झाकून ठेवलं. त्या दिवशी मी चिडले नाही.